केंद्र भाड्याने देण्याआधी : रिट्रीट केंद्राच्या विश्वस्त मंडळास खुले पत्र

माननीय अध्यक्ष आणि सर्व विश्वस्त बंधुभगिनींनो,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने सप्रेम सलाम.

गेल्या महिन्यात एका रविवारी उपासना संपल्यावर आमच्या मंडळीत (आमच्या चर्चमध्ये) आपले परिपत्रक वाचून दाखवण्यात आले. डोंगरावरचे आपले रिट्रीट केंद्र, म्हणजे प्रार्थना आणि मनन यांसाठी काही दिवस येऊन राहण्याची जागा, दीर्घ मुदतीच्या कराराने एका खासगी व्यावसायिकाकडे चालवायला द्यायचे, राहण्याच्या खोल्या पर्यटकांसाठी नव्याने बांधायच्या, प्रार्थनागृह लग्नसमारंभांना आणि कंपन्यांच्या शिबिरांना उपलब्ध करून द्यायचे आणि मंडळ्यांच्या रिट्रीटसाठी पावसाळ्यातले मोजके दिवस राखून ठेवायचे, असा निर्णय आपण घेतला असल्याचे त्यातून कळले. त्याच संध्याकाळी मी आपल्याला खासगी पत्र लिहिले. त्याची पोच मिळाली, पण उत्तर आले नाही. हे केंद्र शेकडो घरांच्या वर्गणीतून उभे राहिलेले आहे, म्हणून हा विषय आता सर्वांसमोर मांडणे मला भाग पडले आहे. केंद्राचे किंवा आपल्यापैकी कोणाचेही नाव मी या पत्रात लिहिलेले नाही, कारण कोणाची बदनामी करण्याचा माझा हेतू नाही. ज्यांनी तिथल्या सतरंजीवर बसून एकदा तरी प्रार्थना केली आहे, त्यांना नावावाचून कळेल.

माझा या केंद्राशी काय संबंध, ते आधी सांगते. माझे वडील मिशनच्या शाळेत शिक्षक होते. तरुणपणी एका उन्हाळ्यात ते कुमाऊँमधल्या सातताल येथील ख्रिस्ती आश्रमात राहून आले. परत आल्यावर सह्याद्रीच्या आपल्या भागातही तशी एक जागा असावी असा ध्यास ज्या चारपाच पाळकांनी (धर्मगुरूंनी) आणि शिक्षकांनी घेतला, त्यांतले ते एक होते. पायाचे दगड ओढ्यातून वर वाहून नेताना सुट्टीला आलेली आम्ही मुलेही रांगेत उभी असायचो, आणि दगड हातोहात पुढे जाताना कोणीतरी गीत सुरू करायचे. पुढे माझे पती वारले, त्या वर्षी मी त्याच केंद्रात आठ दिवस राहिले. त्या आठ दिवसांबद्दल मी पुढे लिहिणार आहे, कारण आपण जे भाड्याने देऊ पाहता ते नेमके काय आहे, हे त्यावाचून सांगता येणार नाही.

परिपत्रकात आपण केंद्राचा उल्लेख 'मालमत्ता' असा केला आहे आणि त्याच्या स्थापनेबद्दल त्यात एकही वाक्य नाही. माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार हीच आहे. ज्या मूळ झऱ्यातून हे केंद्र निघाले त्याचा इतिहास विश्वस्तांपुढे असता, तर हा निर्णय असा घेतला गेला नसता, असे मला मनापासून वाटते. म्हणून तो थोडा विस्ताराने लिहिते.

ई. स्टॅन्ली जोन्स हे मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाचे अमेरिकन मिशनरी 1907 मध्ये भारतात आले आणि लखनौच्या मेथडिस्ट मंडळीत त्यांचे काम सुरू झाले. पुढची कित्येक वर्षे ते गावोगावच्या सभागृहांत सुशिक्षित हिंदू आणि मुस्लिम श्रोत्यांसमोर बोलत राहिले. व्याख्यानानंतर निरनिराळ्या धर्मांच्या माणसांना ते एका वर्तुळात बसवीत आणि एवढेच विचारीत, की आपल्या श्रद्धेने आपल्याला प्रत्यक्ष जगण्यात काय दिले, ते सांगा. तिथे वादविवाद नसे. शांतिनिकेतनात आणि साबरमतीच्या आश्रमात ते राहून आले होते, आणि आश्रम ही या मातीतली रीत ख्रिस्ताच्या शिष्यांनाही आपलीशी करता येईल, अशी त्यांची खात्री पटली होती. 1928 मध्ये त्यांच्या मंडळीच्या जनरल कॉन्फरन्सने, म्हणजे सर्वोच्च सभेने, त्यांना बिशप म्हणून निवडले, पण दीक्षाविधी होण्याआधीच त्यांनी ते पद नाकारले आणि ते आपल्या भ्रमंतीच्या कामाकडे परत आले. दोन वर्षांनी, 1930 मध्ये, एक भारतीय पाळक आणि एक ब्रिटिश मिशनरी यांना सोबत घेऊन त्यांनी सातताल येथे आश्रम सुरू केला. पदाचा मान नाकारून आलेल्या माणसाने ही जागा उभी केली, ही गोष्ट माझे वडील आम्हांला पुनःपुन्हा सांगत. आज त्याच परंपरेतल्या केंद्राबद्दल लिहिताना मला ती सर्वांत आधी आठवते.

साततालच्या आश्रमात आल्यावर माणसाच्या नावामागच्या पदव्या गळून पडत. जोन्स हे सगळ्यांचे 'ब्रदर स्टॅन्ली' होते. पहिल्या सकाळी सर्व जण वर्तुळात बसत आणि प्रत्येकाला तीन प्रश्न असत : आपण इथे का आलात, आपल्याला काय हवे आहे, आणि आपली खरी गरज कोणती आहे. आमच्या केंद्रात या सत्राला 'मोकळ्या मनाची सकाळ' म्हणत. शेवटच्या दिवशी त्याच वर्तुळात बसून, या दिवसांत काय मिळाले ते कृतज्ञतेने सांगायचे असे. मधल्या दिवसांत शास्त्रपाठ, मनन, रात्रीपासून सकाळपर्यंतचे मौन आणि रोज ठरलेल्या वेळी अंगमेहनतीचे काम. आठवड्यातून एक दिवस नोकरांना सुट्टी देऊन, संडास साफ करण्यासकट त्यांची सगळी कामे आश्रमवासी स्वतः करीत. या कामासाठी पुढे येण्याबद्दल विचारल्यावर, ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेल्या एका माणसाने, आपले परिवर्तन झाले आहे खरे, पण अजून इतक्या दूरवर झालेले नाही, असे उत्तर दिल्याची आठवण जोन्स सांगत असत. त्या प्रामाणिक उत्तरात आपल्या देशाचे आणि आपल्या मंडळ्यांचेही एक जुने दुखणे आहे, आणि आश्रमाचा दिनक्रम आखताना त्यावर बोट ठेवलेले होते.

हे सगळे उत्तरेकडचे आहे, आपल्या महाराष्ट्राशी त्याचा काय संबंध, असे कोणी म्हणू नये. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मिशनची नोकरी सोडून 1917 मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला, तो साततालच्या तेरा वर्षे आधी. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे भक्त त्यात एकत्र येऊ शकत होते. त्यानंतर 1922 मध्ये महाराष्ट्रातच जॅक विन्स्लो या अँग्लिकन मिशनऱ्यांनी ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. हे दोन्ही प्रयत्न मेथडिस्ट नव्हते, पण मराठी ख्रिस्ती माणसाला भजन, सतरंजी आणि एका पंगतीतले साधे जेवण यांच्या साथीने देवापुढे बसण्याची वाट त्यांनी मोकळी करून दिली होती. माझ्या वडिलांच्या पिढीने साततालहून दिनक्रम आणला आणि इथल्या मातीतून भजन घेतले, आणि त्या दोन्हींतून आपले केंद्र घडले.

आता माझ्या त्या आठ दिवसांबद्दल. पहिल्या सकाळी माझी पाळी आली तेव्हा 'का आलात' याला मी उत्तर दिले, की घरात बसवत नाही म्हणून. 'काय हवे आहे' याला मी म्हणाले, झोप. तिसऱ्या प्रश्नाला मला काहीच सांगता येईना. संचालक पाळकांनी मला सावरून घ्यायचा प्रयत्न केला नाही, उपदेश केला नाही, की बायबलमधले वचनही वाचून दाखवले नाही. वर्तुळ तसेच शांत बसून राहिले आणि थोड्या वेळाने पाळी पुढच्या माणसाकडे गेली. दुसऱ्या दिवशी कामाच्या तासाला माझे नाव स्वयंपाकघरात होते. माझ्या शेजारी कोकणातल्या एका मंडळीतून आलेली, माझ्याहून वीस वर्षांनी मोठी बाई कांदे चिरत होती. तासभर आम्ही दोघी काही बोललो नाही. उठताना तिने तिच्या पाटीतले उरलेले कांदे माझ्या पाटीत टाकले आणि म्हणाली, "राहू दे, उद्या परत इथेच बस." त्या रात्री मला झोप लागली. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी आठव्या दिवशी त्याच वर्तुळात दिले. ते इथे लिहीत नाही, कारण त्या वर्तुळातले बोलणे बाहेर न्यायचे नाही, हा तिथला नियम आहे.

सन्माननीय विश्वस्तहो, नव्या व्यवस्थेत यातले काय उरणार आहे, हे मला आपल्याकडून ऐकायचे आहे. शेजारच्या हिरवळीवर लग्नाचा बँड वाजत असताना रात्रीचे मौन कसे पाळायचे? पाहुण्यांसाठी पगारी कर्मचारी नेमल्यावर कामाचा तास कशासाठी ठेवायचा? परिपत्रकात लिहिलेच आहे, की 'श्रमदानाची जुनी पद्धत येणाऱ्यांना गैरसोयीची वाटत असल्याने ती बंद करण्यात येईल'. ती गैरसोयीची आहे हे मला मान्य आहे. संडास धुणे बिशपांनाही गैरसोयीचेच वाटले असेल, तरी त्यांनी ते केले. केंद्राच्या जुन्या कामवाटपाच्या वहीत एक पान मी स्वतः पाहिले आहे. वडिलांच्या अक्षरात, निळ्या शाईने, 'संडास' या शब्दापुढे त्या आठवड्यात पाहुणे म्हणून आलेल्या बिशपांचे नाव आहे, आणि खालच्याच ओळीत 'सकाळचा शास्त्रपाठ' यापुढे केंद्राच्या स्वयंपाक्याचे. जातीने आणि शिक्षणाने विभागलेल्या आपल्या मंडळ्यांत ही दोन नावे एकाच पानावर अशी येण्याची दुसरी जागा मला ठाऊक नाही.

त्या वहीवरून माझी दुसरी तक्रार निघते. अशा साऱ्या वह्या, पहिल्या वर्गणीदारांची यादी, स्थापनेच्या सभेचे इतिवृत्त आणि जुने फोटो मुख्य इमारतीतून काढून मागच्या गुदामात ठेवले आहेत. दोन वर्षांपूर्वी मी तिथे गेले तेव्हा छतातून पाणी येत होते आणि सर्वांत खालच्या खोक्यातले कागद एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झाला होता. मी तेव्हाच लेखी कळवले होते. नूतनीकरणाच्या आराखड्यात ते गुदाम पाडायचे आहे असे मला समजले, पण त्यातल्या कागदांचे काय करणार याचा कुठेही उल्लेख नाही.

तिसरी तक्रार निर्णय कसा घेतला गेला याविषयी आहे. मंडळ्यांना विचारले गेले नाही. केंद्राच्या सल्लागार समितीची बैठक बोलावली गेली नाही. कराराची मुदत किती, रक्कम किती, मोडतोड झाल्यास जबाबदारी कोणाची, हे परिपत्रकात नाही. आपले केंद्र सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 36 प्रमाणे न्यासाची इमारत किंवा बिगरशेती जमीन तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची असेल, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. तसा अर्ज केला आहे का आणि केला असल्यास त्यात कोणते कारण दिले आहे, हे विचारण्याचा सभासदांना हक्क आहे असे मी समजते. आपण कायदा मोडला असे माझे म्हणणे नाही. मला माहिती हवी आहे.

आपली अडचण पैशाची आहे, हे मला समजते. छप्पर गळते आहे, विजेचे बिल थकले आहे, रखवालदाराचा पगार वेळेवर देता येत नाही. या गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांना उत्तर दिल्याशिवाय नुसती तक्रार करणे योग्य होणार नाही. पण इमारतीचे कर्ज फेडण्याची अडचण मेथडिस्ट लोकांपुढे पहिल्यांदाच आलेली नाही. आपली चळवळ ज्या गोष्टीमुळे टिकली, ती मुळात अशाच एका कर्जातून जन्माला आली आहे.

1742 च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या ब्रिस्टल येथे मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली आणि त्यांचे सहकारी तिथल्या 'न्यू रूम' या सभागृहावरचे कर्ज कसे फेडावे याचा विचार करायला बसले होते. कॅप्टन फॉय नावाच्या गृहस्थांनी सुचवले, की प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी (तिथले एक छोटे नाणे) द्यावी. पुष्कळ जण इतके गरीब आहेत, की त्यांना तेही जमणार नाही, असे कोणीतरी म्हणाले. तेव्हा फॉय म्हणाले, की सर्वांत गरीब अकरा माणसे माझ्या वाट्याला द्या, मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, जे देतील ते घेईन आणि ज्यांना देता येणार नाही त्यांचे मी माझ्या पदरचे भरीन. अशा रीतीने साधारण बाराबारा माणसांचे गट पडले. पेनी गोळा करायला घरोघर गेलेल्या पुढाऱ्यांना तिथे दारू दिसली, भांडणे दिसली, आजारपण आणि निराशा दिसली, आणि पैशासाठी पाडलेला गट एकमेकांच्या आत्म्याची काळजी वाहणारा 'क्लास' झाला. पुढे कित्येक पिढ्या मेथडिस्ट मंडळ्यांचा कणा हाच होता. 1870 च्या दशकाच्या सुरुवातीला विल्यम टेलर या अमेरिकन मेथडिस्ट मिशनऱ्यांनी मुंबईत काम उभे केले तेही घरोघरी असेच क्लास भरवून, परदेशी मिशनच्या पैशावर न विसंबता. आपल्यातल्या कित्येकांची मेथडिस्ट मंडळीशी ओळख त्याच कामातून झाली आहे.

कॅप्टन फॉय यांना सभागृह भाड्याने द्यावे असे सुचवता आले असते. ते गरिबांच्या दारात गेले. आपण आम्हां सभासदांच्या दारात अजून आलेला नाहीत. गेल्या कित्येक वर्षांत केंद्राच्या दुरुस्तीसाठी आमच्या मंडळीत एकदाही वर्गणीची हाक दिली गेली नाही, आणि आता एकदम सांगण्यात येते, की दुसरा उपाय उरलेला नाही. मी स्वतः निवृत्तिवेतनावर राहते. माझ्यासारख्या माणसाला दरमहा थोडे देणे जमते आणि ते मी आनंदाने दिले असते. माझ्या ओळखीची किमान वीस घरे तरी असेच म्हणतील.

म्हणून माझ्या मागण्या मी स्पष्ट शब्दांत मांडते. कराराची अंमलबजावणी थांबवावी आणि सर्व मंडळ्यांच्या प्रतिनिधींची सभा केंद्रातच, त्याच प्रार्थनागृहात बोलावावी. त्या सभेपूर्वी कराराचा मसुदा, गेल्या पाच वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि दुरुस्तीचे अंदाजपत्रक मंडळ्यांच्या हाती द्यावे. उत्पन्नासाठी केंद्राचा काही भाग बाहेरच्यांना देणे अगदीच अपरिहार्य ठरले, तर प्रार्थनागृह, मौनाची वेळ आणि कामाचा तास या तीन गोष्टींना कोणत्याही करारात हात लावता येणार नाही, असा लेखी ठराव करावा. येणारे पाहुणे कोणत्याही धर्माचे असोत, त्यांचे स्वागतच आहे; त्यांनी तिथला दिनक्रम पाळावा, एवढीच अट असावी. दुरुस्तीसाठी बाराबारा घरांचे गट पाडून दरमहा वर्गणी गोळा करण्याचा प्रयत्न किमान एक वर्ष करून पाहावा. आणि गुदामातले कागद आजच्या आज कोरड्या खोलीत हलवावेत, त्यासाठी सभेची वाट पाहू नये.

यातल्या दोन गोष्टींची जबाबदारी मी स्वतः घेते. आमच्या मंडळीतला वर्गणीचा पहिला गट मी उभा करीन, आणि त्यातल्या ज्या घरांना देणे जमणार नाही त्यांचे माझ्या निवृत्तिवेतनातून भरीन. कागदांची वर्गवारी करायला मी आणि शाळेतल्या माझ्या दोन जुन्या सहकारी शिक्षिका तयार आहोत. आम्हांला मानधन नको, गाडीभाडे नको, फक्त गुदामाची किल्ली हवी. येत्या पंधरवड्यात कोणत्या दिवशी यावे, तेवढे कळवावे. येताना आम्ही टीपकागद आणि जाड पुठ्ठे घेऊन येऊ, कारण ओले कागद सुटे करून वाळवायला ते लागतील, आणि कामवाटपाची वही सर्वांत खालच्या खोक्यात आहे.

प्रभूच्या सेवेत आपली एक भगिनी,
केंद्राच्या पहिल्या पिढीतल्या एका शिक्षकाची मुलगी